दुपारची झोप आणि निळी फडकी

अख्ख्या आयर्लंडमध्ये दुपारच्या झोपेला भुतासारखा घाबरणारा एकच माणूस होता, आणि तो टॅला नावाच्या उपनगरात, मी भाड्याने राहते त्या घरात, माझ्या शेजारच्या खोलीत राहायचा. घरमालकीण ताई लिक्सलिप गावातल्या कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात इंजिनिअर. हे त्यांचे वडील, मी त्यांना काका म्हणायचे. सगळी नोकरी युगांडात त्सेत्से माशी पकडण्यात गेलेली. ही माशी चावली की निद्रारोग होतो. माणूस दिवसा पेंगतो, रात्री भटकतो, घरच्यांना ओळखेनासा होतो आणि उपचार मिळाले नाहीत तर मरतो. कित्येक वर्षं त्यावर औषध होतं ते आर्सेनिकचं, नसेतून आग सोडल्यासारखं, कारण रोगी गरीब आणि गरिबासाठी नवीन औषध शोधून कुणाचा धंदा होत नाही. गरिबांना औषधं मिळावीत म्हणून चाललेल्या मोहिमेत मी होते, तिच्या पत्रकांत मी हेच लिहायचे. काका वाचून म्हणायचे, "बरोबर आहे, पण फार ओरडतेस."

कोविडच्या वर्षी, दोन हजार वीस साली, ते लेकीकडे पाहुणे म्हणून आले आणि विमानं बंद झाल्यावर इथेच अडकले. आल्या आल्या त्यांनी मागच्या कुंपणाला निळी आणि काळी फडकी टांगली. "निळा रंग माशीला लांबून बोलावतो, बसते मात्र काळ्यावर." इथे ती माशी नाही हे त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. तरी रोज चहाच्या आधी ते प्रत्येक फडकं उलटून बघायचे आणि काही सापडलं नाही की उलट अस्वस्थ होऊन आत यायचे. म्हणायचे, "बघणारे कंटाळले, की ती परत येते." धुक्यात ती फडकी कुणीतरी ओळीने उभं राहून घराकडे बघतंय अशी दिसायची. ताई तिकडचा पडदा लावून ठेवायच्या. मला कुणी विचारलं तर मी सांगायचे, वाळत घातलीत.

नमस्काराऐवजी ते समोरच्याच्या मानेमागे बोटं फिरवायचे, कारण त्या रोगात तिथे गाठी येतात. मी लॅपटॉपवरच्या मीटिंगमध्ये जांभई दिली की दारातून आवाज यायचा, "रात्री झोप लागली होती ना?" आणि लॉकडाऊनमधली आमची वसाहत बघून तर ते हादरलेच. भर दुपारी पडदे ओढलेले, रस्त्यावर चिटपाखरू नाही. "आम्ही एका गावात गेलो तेव्हा असंच होतं," ते हळूच म्हणाले. "दारं उघडी, चुली गार, माणसं भिंतीला टेकून बसलेली. हाक मारली तर मान वळायची, डोळे नाही वळायचे." मग ते घरोघरी बेल वाजवत सुटले. शेजारची आयरिश नर्स नाइट ड्यूटी करून झोपलेली. ती मास्क लावून बाहेर आली तर हे दोन मीटरवरून तिला मान वळवून दाखवायला सांगतायत. तिने दाखवली, आणि मला म्हणाली, "युवर मॅन इज ग्रँड, छान माणूस आहे, पण त्याला कोण बघतं?"

हिवाळ्यात एकदा जेवताना बोलता बोलता काका थांबले. मी वर पाहिलं तर हातात वरणाचा चमचा तसाच, डोळे अर्धे मिटलेले. हाक मारली तर मान वळली. क्षणभर डोळे वळले नाहीत.

भानावर आल्यावर त्यांनी चमचा खाली ठेवला. "पोरी, जरा मानेमागे बोट लाव. वाटाण्यासारखं काही लागतंय?" मला काहीच नक्की कळेना. "हा रोग अंगात वर्षानुवर्षं गप्प बसू शकतो," ते म्हणाले. "ताईला सांगू नकोस." मी अर्थातच सांगितलं. नर्सने हॉस्पिटलात कुणाला भेटायचं ते सांगितलं, रक्त तपासायला परदेशी गेलं. उत्तर येईपर्यंत काका खुर्चीत बसायचेच नाहीत. उभ्याने जेवायचे, उभ्याने पेपर वाचायचे, डोळे लाल. घरात दिवसभर त्यांच्या चपला फिरत असायच्या.

काही निघालं नाही. म्हातारपण आहे, डॉक्टर म्हणाले, दुपारी डोळा लागणारच.

मला आनंद झाला आणि लगेच रागही आला. एका शंकेसाठी इथे रक्त विमानाने गेलं. तिथे युगांडात गावोगाव रक्त तपासत फिरणाऱ्या गाड्या त्याच लॉकडाऊनमध्ये उभ्या होत्या. मी तावातावाने तेच बोलत होते. काका ऐकता ऐकता बागेतल्या खुर्चीत बसले. "ते लिही," म्हणाले, "आणि मला थोड्या वेळाने उठव."

ऊन होतं. मागे फडकी हलत होती. मी समोर बसून त्यांच्या छातीकडे बघत राहिले, वर, खाली. उठवायची वेळ झाली तरी उठवलं नाही. मग मीच उठले आणि त्यांच्याऐवजी फडकी उलटून बघून आले.