हिरवी, डाव्या पायाची

बाळांनो, आजीने या वयात प्रवासाचा ब्लॉग का सुरू केला, असं तुम्ही विचारलंत तेव्हा मी "हौस" एवढंच म्हणाले होते. परवा धाकट्या आजोबांनी फोन करून तुम्हाला त्यांची बाजू ऐकवली, असं कळलं. म्हणून आता माझी लिहिते, पहिल्यापासून.

तुमचे आजोबा गेल्यावर मी निवृत्त शिक्षिकांच्या गटाबरोबर फिरू लागले. हंपीला तुंगभद्रा ओलांडताना टोपलीसारख्या गोल होडीने गिरकी घेतली आणि माझी डावी चप्पल पाण्यात गेली. पलीकडचा खडक तव्यासारखा तापलेला. तिथे गजरे विकत बसलेल्या बाईने माझा नाच पाहिला, पोट धरून हसली, आणि स्वतःच्या पायातली हिरवी चप्पल काढून दिली. एकच, डावी. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती.

घरी आल्यावर मी हे भावजींना, म्हणजे तुमच्या धाकट्या आजोबांना, चहाबरोबर सांगितलं. ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही हजेरी घेतल्यासारखं सांगता. गोष्ट अशी सांगतात होय?"

मे महिन्यात आपल्या गावात, उमेळ्याला, आमच्या आळीच्या क्रुसापाशी रोज संध्याकाळी रोझरी होते. प्रार्थना संपली की उकडलेले चणे वाटतात आणि चणे संपेपर्यंत कुणी उठत नाही. तो वेळ भावजींच्या गोष्टींचा. त्या वर्षी त्यांनी हंपी सांगितली. होडीत ते, चप्पल त्यांची, गजरेवालीही त्यांच्याकडेच बघून हसली. वसईच्या किल्ल्यापलीकडे कधी फिरायला न गेलेला माणूस! लोकांच्या डोळ्यांत हसून हसून पाणी. सांगितली मात्र छान. तेच जास्त झोंबलं.

तरी मी चणे संपवून घरी आले. मग ख्रिसमसला व्हिडिओ कॉलवर तुम्हीच मला सांगू लागलात, "आजी, धाकट्या आजोबांची चप्पल नदीत वाहून गेली, माहितेय तुला?" माझी गोष्ट, माझ्याच नातवंडांच्या तोंडून, त्यांच्या नावाने. त्या दिवशी ठरवलं.

ब्लॉग कसा करतात ते शिकले. आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, पण हा मराठीत लिहिला, आळीला वाचता यावा म्हणून. हजेरी वाटू नये म्हणून पुन्हा पुन्हा लिहिला. सूड म्हणून बसायची आणि जेवायचं विसरायची, इतकं ते लिहिणं आवडू लागलं. चपलेचा फोटो जोडला, सगळं तयार ठेवलं आणि मे महिन्याची वाट पाहिली.

रोझरीच्या शेवटच्या दिवशी आळीत पाहुणे आले होते. नवे कान मिळाल्यावर भावजी हंपी काढणार, हे मला ठाऊक होतं. त्यांची होडी गिरकी घेऊ लागली तशी मी बोट दाबलं आणि ब्लॉगची लिंक आळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. सगळ्यांचे फोन वाजले. भावजी बोलत राहिले, माना खाली जात राहिल्या. शेवटी शेजारीण म्हणाली, "काय ओ, एवढा मोठा पाय तुमचा, बायकांच्या चपलेत मावला कसा?"

भावजींच्या हातातले चणे हातातच राहिले. "वहिनी, घरातलं घरात बोलायचं असतं."

"गोष्ट क्रुसापाशी तुम्ही नेलीत, भावजी. मी इथूनच परत घेतली."

तेव्हापासून ते चण्यांना थांबत नाहीत. फादर म्हणतात, आता माफ करा. मी मान हलवते, पण अजून केलेलं नाही, आणि घाईही नाही. मी नंतर बदामीला गेले, मदुराईला गेले. परतले की आधी ब्लॉगवर लिहिते, मग भावजींना चहाला बोलावते.

ती हिरवी चप्पल माझ्या कपाटात खालच्या कप्प्यात आहे. पट्टा शाबूत आहे.