नवी आवृत्ती, जुना फोन

खुर्चीत पाय दुमडून बसते. चहा गार झाल्यावरच पिते. पेन सापडलं नाही की केसांत चाचपते. कुणी घाई केली की नखांनी टेबल वाजवते आणि म्हणते, "अजून नाही."

म्हणून आम्ही ताईला सिग्नल म्हणतो. कायम लाल.

बोलता न येणाऱ्यांसाठी आम्ही तिघांनी मिळून केलेलं एक अ‍ॅप ती सांभाळते. फुकट, कोडही सगळ्यांना खुला. चित्र दाबलं की फोन बोलतो. मदतीची पानं मी लिहितो. साहित्य शिकलेल्याला आणखी काय जमणार! झटपट बोलणारी नवी आवृत्ती तयार होती, पण जुन्या फोनांवर ती तपासणारा तिसरा गडी आजारी होता. त्याच्या होकाराशिवाय काही बाहेर सोडायचं नाही, हा ताईचाच नियम. वापरणारे रोज शिव्या घालत होते. तिचा नवराही म्हणाला, "अगं, मूलसुद्धा नऊ महिन्यांत येतं!"

तिच्या सासऱ्यांची वाचा गेली आहे. त्यांचा फोन जुना. चित्र दाबल्यावर आवाज रेंगाळत येई. तोवर समोरचा दुसराच विषय काढी. त्या दिवशी त्यांची थोरली बहीण, म्हणजे आत्या, आली होती. संध्याकाळी परत जाणार होती.

"बोल की रे! तोंड शिवलंय का?" आत्या त्यांना म्हणाल्या.

ताई तिरमिरीत उठली. "बाबा, द्या इकडे. आज नवीन घालतेच."

पण नवीन घालताना त्यांनी जमवलेली वाक्यं पुसली गेली तर? ती आपोआप उतरवून घ्यायची सोय ताईनेच पुढे ढकलली होती. मग हातानेच. आतल्या खोलीत मी फोनवरून वाचू लागलो, ती संगणकावर टाइप करू लागली.

"सून चांगली आहे. तिला सांगू नका."

ताईला हसू फुटलं. "पुढचं वाच. पटपट."

वाक्यं संपेचनात. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं. मी घड्याळाकडे पाहिलं की ती ओरडे.

बाहेरून आत्यांचा आवाज आला. "निघते रे. गाडी आलीय. काही सांगायचंय का?"

खुर्चीच्या हातावर मूठ आपटल्याचा आवाज. मग पुन्हा.

ताईने माझ्या हातातल्या फोनकडे पाहिलं. मीही पाहिलं. दुपारभर बाबांचा आवाज आमच्याकडे होता.

तिने फोन हिसकावला. "आत्या!" म्हणत अनवाणी धावली.

पडद्यावर अर्धं वाक्य राहिलं: "अक्का, मागच्या वेळी तू"

पुढचं मी अजून वाचून दाखवायचं होतं.