वेळेचा रकाना

शाळेतून निवृत्त झाले आणि दोनच महिन्यांत आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी मला गाठलं. इंदूरमधली आमची मंडळी लहान. त्यात हिंदी बोलणारे जास्त, मराठी घरं चार-पाच. पाळकसाहेबांनी प्रत्येक घरासाठी एक कार्ड छापून घेतलं होतं. त्यावर तीन रकाने होते: पैसा, वेळ आणि कलागुण. यातलं देवाच्या कामाला काय देणार, ते ज्यानं त्यानं लिहायचं.

"दीदी, लोगों से फॉर्म भरवाना आपसे अच्छा कौन जानता है," ते म्हणाले. सगळा जन्म परीक्षेचे फॉर्म भरून घेण्यात गेलेला, त्यामुळे नाही म्हणायला तोंड नव्हतं.

दर रविवारी उपासना संपली की मी कार्डं घेऊन दाराशी उभी राहायची. तिसऱ्या रविवारपासून लोक बाजूच्या दारानं जायला लागले. ज्यांनी भरून दिली त्यांचीही तऱ्हाच. कलागुणांत तिघींनी 'प्रार्थना करणे' लिहिलं, तर एका काकांनी 'सल्ला देणे'. वेळेचा रकाना मात्र जवळजवळ सगळ्यांचा कोरा.

पैशाच्या रकान्यात सगळ्यात मोठा आकडा होता सांवेर रोडवर कारखाना असलेल्या एका गृहस्थांचा. ते मशीनचे सुटे भाग बनवतात. माझ्याहून थोडे लहान, मला ताई म्हणतात. चर्चमध्ये काही मोडलं, बिघडलं की त्यांचा हात आधी खिशाकडे जातो. मी त्यांच्या ऑफिसात जाऊन बसले.

"भाऊ, दोन रकाने राहिलेत."

"आकडा कमी वाटतोय का ताई? वाढवून देतो ना."

"आकडा ठीक आहे. वेळ लिहा."

"टाइम किधर है ताई. माझा एक माणूस पाठवतो, दिवसभर ठेवून घ्या."

"उद्या देवासमोर उभं राहायची वेळ आली तर तिथंही माणूस पाठवाल का?"

ते हसले. मग म्हणाले, "तुमचं कार्ड दाखवा बरं."

माझं कार्ड पर्समध्येच होतं. पैशाचा रकाना भरलेला, बाकी दोन्ही कोरे. दुसऱ्यांची कार्डं भरून घेणं हीच माझी सेवा, अशी मी माझी समजूत घालून घेतली होती. त्यांनी शांतपणे पेन काढलं आणि वेळेच्या रकान्यात लिहिलं, 'भरपूर. रिटायर आहेत.' कलागुणांत लिहिलं, 'आवाज खणखणीत. शेवटच्या बाकापर्यंत जातो.' मला राग आला, पण खोडावं असं त्यात काही सापडेना. मग मीही त्यांचं कार्ड ओढलं आणि लिहिलं, 'शनिवार सकाळ. बाकं.' आमच्या चर्चची बाकं इतकी डुगडुगायची, की प्रवचनात कुणाला डुलकी लागली तर ती सबंध रांगेला कळायची.

ते येतील असं मला वाटलं नव्हतं. शनिवारी मी पोहोचले तर ड्रायव्हरला परत पाठवून, एक बाक उलटं घालून ते फरशीवर बसलेले. तेव्हा मला कळलं की ते मूळचे फिटर, कारखाना नंतरचा.

"पंधरा वर्षांत पाना हातात धरला नव्हता," ते म्हणाले. "आता सगळे नुसत्या सह्या घ्यायला येतात."

पहिलाच बोल्ट कसताना त्यांचं बोट सोललं. मी पट्टी शोधायला निघाले तर म्हणाले, "राहू द्या ताई, बरं वाटतंय." दुपारपर्यंत ते शीळ घालत काम करत होते आणि मी बाकाचं दुसरं टोक धरून बसले होते. घरी आले तेव्हा पाठ मोडून आली होती, पण रात्री जेवण दुप्पट गेलं.

तीन शनिवारांत बाकं संपली. चौथ्या शनिवारी सकाळीच त्यांचा फोन आला. "ताई, आता काय?"

पलासियाच्या मागच्या गल्लीत एक निवृत्त नर्सबाई एकट्या राहतात. नजर गेल्यापासून त्यांचं चर्चला येणं थांबलं होतं, आणि दाराची कडी नीट लागत नाही, अशी त्यांची तक्रार माझ्या कानावर आली होती. आम्ही दोघं तिथं गेलो. भाऊ कडी बसवायला लागले. आपला कलागुण वापरावा म्हणून मी मराठी बायबल उघडलं आणि खणखणीत आवाजात स्तोत्र सुरू केलं. बाईंनी दोन ओळी ऐकून घेतल्या.

"हे मला पाठ आहे गं," त्या म्हणाल्या. "पेपर आणलाय का? शहरात काय चाललंय ते कुणी सांगतच नाही."

भाऊ कोपऱ्यावरून हिंदी पेपर घेऊन आले. मी सोन्याचा भाव वाचला, बंद असलेले रस्ते वाचले, मग निधनवार्ता. त्या बाईंनी दोनदा वाचायला लावल्या.

"ओळखीचं कुणी नाही," त्या समाधानानं म्हणाल्या, आणि भिंतीला हात लावत चहा ठेवायला उठल्या.