काकांच्या कलमांतून रेल्वे

हसायचं असेल तर हातातला चहा आधी संपवा. मागाहून ठसका लागला तर मला बोल लावू नका. फजित्या मी आयुष्यात पुष्कळ केल्या, पण जिच्यात जिंकलेही आणि तोंडावरही आपटले, अशी ही एकच.

मी मिरजेची. स्टेशनमास्तरची मुलगी. आमच्या क्वार्टरच्या भिंती गाडी आली की थरथरायच्या आणि त्याशिवाय आम्हाला झोप यायची नाही. आणि वडिलांनी मला दिली कुठे? रत्नागिरीला! ही सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. तेव्हा तिथे रेल्वे औषधालाही नव्हती. येणार येणार म्हणत सर्व्हेवाले दुर्बिणी लावून फिरायचे आणि कातळावर चुन्याच्या रेघा मारून जायचे, एवढंच.

मग मी काय करणार? बोलणार. लग्नानंतरची दोन वर्षं मी सासरच्या माणसांना रेल्वे समजावून सांगत होते. नारळ खवताना सिग्नल, तांदूळ निवडताना सांधे, पापड लाटताना मालगाडी. सासूबाई "होय गो" म्हणायच्या आणि पुढचा नारळ माझ्याकडे सरकवायच्या.

त्या वर्षी माझ्या दिरांनी मस्कतहून पेटी पाठवली. उघडली तर काय, विजेवर चालणारी आगगाडी! एक इंजिन, दोन डबे, रुळांचे तुकडे, रूळ बदलायचा एक सांधा आणि गोल बटणाचा ट्रान्सफॉर्मर. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी तिथल्या तिथे जाहीर केलं की यंदा गणपतीपुढे देखावा रेल्वेचा, आणि तो मी एकटी करणार. आमचे हे मदतीला पुढे आले, त्यांना म्हटलं, तुम्ही एसटीतली माणसं, लांब राहा.

आता खोटं कशाला सांगू, देखावा झाला फर्मास. दोन टेबलं जोडली, वर जांभ्याची लाल माती पसरली. आमची अख्खी आळी केली मी! काड्यापेट्यांची घरं, फुटक्या आरशाची खाडी, आणि आंब्याची कलमं वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीची, हिरव्या रंगात बुडवून. टेबलाखालून वायरी नेल्या, टोकं तासली, कथलाचा डाग दिला. सासूबाईंना वाटलं मी भांड्याला कल्हई करतेय.

अडचण एकच आली. रुळाचं वळण काही वाकत नाही हो. ते जसं असतं तसं असतं. आणि टेबलाच्या कडेला ते बरोबर आलं भिकाजीकाकांच्या बागेवर.

भिकाजीकाका म्हणजे आमच्या ह्यांचे चुलते. शेजारचंच घर. मुंबईची नोकरी संपवून गावी आलेले, बोलणं कमी, पण मृदंगावर हात पडला की अंगावर काटा येईल असा. आळीतल्या घरोघरच्या आरत्या त्यांच्याशिवाय सुरू व्हायच्या नाहीत. त्यांची बारा कलमं. मी काय केलं, वळणाच्या आड येणारी चार उचलली आणि रूळ टाकून मोकळी झाले. घोसाळ्याची तर होती!

चतुर्थीला दर्शनाला माणसं आली. मिरजेत कुणी गाडी बघितली असती. इथे काय बघितलं ठाऊक आहे? कलमं मोजली. कोकणातल्या माणसाला बाग दाखवा, तो आधी कलमं मोजणार. "काकांची आठच?" एक म्हणाला. दुसऱ्यानं रुळाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि हळूच म्हणाला, "वहिनींचे वडील रेल्वेत ना?"

झालं. म्हणजे खरा नकाशा वहिनींकडे आलाय.

दुपारपर्यंत चार कलमं जाणार होती. संध्याकाळी आठ. दुसऱ्या दिवशी सासूबाईंची बहीण सावर्ड्याहून आली ती दारातूनच विचारत, की भिकाजीचं घर पाडून तिथे स्टेशन होणार हे खरं का. तिला ते एसटीत कळलं होतं. एक गृहस्थ फलाटावर चहाची टपरी मिळेल का म्हणून विचारून गेले. दुसऱ्याचा नुसता कातळ होता, तो म्हणाला, वहिनी, लाईन जरा इकडे सरकवा, तिथे कुळथाशिवाय काही पिकत नाही.

आणि मी? मी नाही म्हणायला हवं होतं. पण लोक इतक्या आदरानं विचारत होते की मी नुसती गूढ हसत राहिले. हाच तो मूर्खपणा.

त्या संध्याकाळी काका आरतीला आले नाहीत.

मृदंगाशिवाय आरती कशीबशी उरकली. सगळे एकमेकांकडे बघत प्रसाद घेऊन गेले. सासूबाईंनी निरांजन खाली ठेवलं आणि मला शांतपणे सांगितलं, "मी या घरात आल्यापासून, मुंबईला होते तेव्हासुद्धा, भाऊजी गणपतीच्या आरतीला चुकलेले नाहीत. उद्या ते आले नाहीत, तर ती गाडी विहिरीत जाईल." सासूबाई उगाच बोलत नाहीत. आमच्या ह्यांची पहिली सायकल त्याच विहिरीत आहे.

सकाळी मी काकांकडे गेले. ते पडवीत सुपारी सोलत बसले होते. मी म्हटलं, "काका, ती खेळण्यातली गाडी आहे हो."

"असेल," काका म्हणाले. "मग तुझ्या घरावरून का नाही नेलीस?"

आता द्या उत्तर. खरंच, आमच्या घराला, गोठ्याला, विहिरीला मी जपून वळसा घातला होता. पहिल्यांदाच मला बोलायला काही सापडलं नाही आणि मी खाली मान घालून घरी आले.

आल्या आल्या पदर खोचला. काकांची चारही कलमं जागेवर लावली. लाईन उचलली आणि आमच्या अंगणातून नेली. गोठा गेला, न्हाणीघर गेलं, निम्मं माजघर गेलं. पण आता रूळ पुरेनात. मग मी शक्कल लढवली. पळी असते ना, तसा आकार केला. दांड्याच्या टोकाला स्टेशन, तिथून गाडी सुटणार, वाटीला फेरी मारणार आणि सांध्यावरून पुन्हा त्याच दांड्याला लागून परत येणार. स्वतःवर इतकी खूश झाले म्हणून सांगू! वाटी जिथे मिटते तिथे नखाएवढी फट राहिली, पण म्हटलं, एवढी तर गाडी सहज ओलांडेल. ती फट होती काकांच्या काड्यापेटीच्या घरासमोर. चाचणी घेणार तर वीज गेली, ती आली थेट आरतीच्या वेळी.

आणि काका आले. कुणी काय सांगितलं असेल ते असो, मृदंग घेऊन आले. टेबलाजवळ उभे राहिले. कलमं मोजली. बारा. मग आमच्या अर्ध्या माजघरावरून गेलेल्या रुळाकडे बघितलं. खाली बसले आणि मृदंग पुढे ओढला.

मी बटण फिरवलं. गाडी सुटली! दांडा संपला, आमचं अंगण ओलांडलं, वाटीला फेरी मारली, सगळी आळी माना वळवून बघतेय... आणि फटीवर इंजिनाचं चाक पडलं तशी गाडी थांबली. ठार. ट्रान्सफॉर्मरवर लाल दिवा. मी बटण फिरवतेय, ढिम्म नाही.

"का थांबली?" कुणीतरी विचारलं.

स्टेशनमास्तरच्या मुलीनं "बिघडली" म्हणायचं? माझ्या तोंडून निघून गेलं, "क्रॉसिंग आहे. समोरून गाडी येतेय. ती गेल्याशिवाय हिला सोडता येत नाही."

सगळ्यांना पटलं. अगदी मनापासून पटलं. काकांनी मृदंगावर बोटं टेकली. "मग थांबू या," ते म्हणाले. "तोवर एक भजन होऊ दे."

एक झालं. दुसरं झालं. सासूबाईंनी चहा फिरवला. तिसरं, चौथं. मी टेबलाखाली शिरून एकेक वायर ओढून बघतेय. आमचे हे वाकून हळूच विचारतात, "दुसरी गाडी कुठून निघालीय?" मी म्हटलं, गप्प बसा. सातवं भजन झालं तेव्हा माणसं दाराकडे बघायला लागली होती. खरंच गाडी यायची वाट बघत होती हो!

शेवटी आरती सुरू झाली. संपताना सगळे जागच्या जागी स्वतःभोवती गिरकी घेतात, ठाऊक आहे ना? तेवढ्या एका गिरकीत मी इंजिन बोटानं फटीपलीकडे ढकललं. गडबडीत कोपर लागून बटण उलटं फिरलं. आणि गाडी पळाली! लोक गिरकी घेऊन समोर बघतात तो गाडी दिमाखात दांड्यावरून स्टेशनात शिरतेय. काय मोरया झाला म्हणता! विजय म्हणतात तो हाच. सासूबाईंनी माझी दृष्ट काढली.

पांगापांग झाल्यावर काकांनी मला पायरीशी बोलावलं.

"पळीसारखी लाईन टाकलीस की एक रूळ फिरून दुसऱ्याला भिडतो," ते म्हणाले. "इंजिनाचं चाक त्या फटीवर आलं की शॉर्ट. उलट करंट दिल्याशिवाय पुढे जात नाही. सकाळी येतो, करंट उलटा करायचा एक खटका बसवून देतो."

"काका, तुम्हाला हे कसं ठाऊक?"

"मुंबईला रेल्वेत वायरमन होतो. बत्तीस वर्षं."

मला वाटलं होतं गिरणीत असतील. सगळेच असतात म्हणून. आणि या माणसाला मागच्या दिवाळीत मी याच पायरीवर बसवून, हात वरखाली करून, सिग्नल कसा पडतो ते दाखवलं होतं. दोनदा. त्यांनी मान डोलावली होती. आणि आज फट दिसताक्षणी ओळखून, माझी लाज राखायला त्यांनी सात भजनं म्हटली होती.

"मग सांगितलं का नाहीत?" मी रडवेली होऊन विचारलं.

"सांगणार होतो गो," काका म्हणाले. "पण तू बोलायची थांबलीस कधी?"

सकाळी त्यांनी खटका बसवला. पुढचे तीन दिवस गाडी एकदाही अडली नाही. बघायला वाड्यावाड्यांतून रांग लागली. कुणी विचारलं, ही वळून परत कशी येते, की मी तोंड उघडायची, काकांकडे बघायची आणि मिटायची. मग काका सांगायचे. लोक गाडी बघायला येत होते. सासूबाई मात्र हातातलं काम टाकून येऊन बसायच्या, मला गप्प बसलेली बघायला.