ठासणीचं पिस्तूल आणि पोस्टातल्या काकांची पावती

या प्रकरणाचा विषय निघाला की आजही माझं डोकं फिरतं. निवृत्त होऊन काही वर्षं झाली, बायको म्हणते आता सोडून द्या, पण सुटत नाही. राग त्या गुन्हेगारावर आहेच. त्याहून जास्त स्वतःवर आहे, आणि म्हणून हे लिहितो आहे. नावं कोणाचीच घेणार नाही.

तेव्हा मी कल्याण-डोंबिवली भागात गुन्ह्यांच्या तपासाचं काम पाहत होतो. नवरात्र तोंडावर आलं होतं. बंदोबस्ताच्या याद्या चालल्या होत्या आणि सणाआधी बेकायदा शस्त्रं पकडा असा वरून तगादा होता. अशा दिवसांत खबऱ्यांना फार भाव येतो. विठ्ठलवाडीला भंगाराचा धंदा करणारा माझा एक खबरी दुपारी टपरीवर भेटला.

"साहेब, पक्की खबर आहे," तो म्हणाला. "डोंबिवली ईस्टला एक म्हातारा राहतो. दिसायला एकदम सीधा. देवघराच्या खाली लाकडी पेटी आहे, तिच्यात मिलिटरीचं पिस्तूल. लायसन नाय."

खबर इतकी नेमकी होती की मी खूश झालो. दुसऱ्याच्या देवघराखाली काय आहे हे या माणसाला कसं कळलं, हा प्रश्न पडायला हवा होता. तो मला पडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेशन डायरीत नोंद करून, दोन पंच घेऊन आम्ही गेलो. चौथा मजला, दोन खोल्यांचं घर. सत्तरी ओलांडलेले काका पोस्टातून निवृत्त झालेले, सगळी नोकरी पार्सलच्या खिडकीवर गेलेली. घरात ते आणि काकू, दोघंच. काकांनी काही लपवलं नाही. पणजोबा पलटणीत सुभेदार होते, त्यांचं ते ठासणीचं पिस्तूल, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून उडवायचं. पुढे घरात पोरंबाळं झाली तेव्हा पणजोबांनी स्वतःच नळीत शिसं ओतून ते कायमचं बंद केलं. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, अंघोळ करून ते पूजेला बाहेर काढायचं. एरवी लाल फडक्याची गाठ कोणी सोडायची नाही, असा घरचा रिवाज.

पेटी काकांनीच माझ्यापुढे आणून ठेवली. मी गाठ सोडली. काका वाकले, चष्मा पुसून त्यांनी पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, "हे आमचं नाही."

हे वाक्य मी नोकरीत रोज ऐकत होतो. चोरीची गाडी असो, गांजाची पुडी असो, कोणाचंच काही नसतं. मी नळीत पेन्सिल घातली, ती सरळ आत गेली. "शिसं कुठे गेलं काका? देवघरात वितळलं का?" असं मी विचारलं आणि पंच हसले. ते हसले याचं मला तेव्हा बरं वाटलं होतं. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

काका अडखळत सांगत होते. मागे कोणी नाही, म्हणून पिस्तूल एखाद्या संग्रहालयाला द्यावं असं दोघांनी ठरवलं होतं. त्यासाठी ते अस्सल असल्याचा दाखला लागणार होता. ठाणे शहरात नौपाड्याला जुन्या वस्तूंचा एक जाणकार दुकान मांडून बसतो, त्याच्याकडे महिन्यापूर्वी, रिवाज एकदाच मोडून, ते तपासायला दिलं. आठ दिवसांनी तो स्वतः घरी आला, फडक्यात गुंडाळलेलं पिस्तूल नव्या जड पेटीत घालून घेऊन. म्हणाला, ही नंतर केलेली नक्कल आहे, कुठलंही संग्रहालय घेणार नाही, घरची आठवण म्हणून जपा. गाठ खंडेनवमीलाच सोडायची, म्हणून यांनी पेटी त्याच्यासमोरच तशीच देवघराखाली सरकवली. "देताना मी पावती करून घेतली आहे," काका म्हणाले. मी म्हटलं, पावती नंतर बघू.

आणि आम्ही त्यांना खाली आणलं. चार मजले, प्रत्येक जिन्यावर उघडी दारं. पहिल्या मजल्यावरचा एक जण मोबाइल धरून उभा होता. पळून जाण्याची शक्यता नसलेल्या त्या माणसाचा दंड माझ्या हवालदाराने धरला होता, कारण मी तसं सांगितलं होतं.

कोर्टाने दोन दिवसांची कोठडी दिली. मी काकांना चार वेळा विचारलं, चारही वेळा त्यांनी तेच सांगितलं. खोटं बोलणारा माणूस प्रत्येक वेळी आपली गोष्ट थोडी सुधारतो, हे मी नव्या पोरांना शिकवत असे. काकांच्या गोष्टीत काही सुधारणा नव्हती. तरी मी म्हणालो, म्हातारा पाठ करून आला आहे. काकू दोन्ही दिवस सकाळपासून पोलीस ठाण्यातल्या बाकावर बसून होत्या, हातात एक कागद. ठाणे अंमलदार त्यांना सांगायचा, साहेब बिझी आहेत. मी त्यांच्या समोरून सहा-सात वेळा तरी गेलो असेन.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या उठून माझ्या वाटेत उभ्या राहिल्या. रडल्या नाहीत, हात जोडले नाहीत.

"पावती वाचू नका हवं तर," त्या म्हणाल्या. "पिस्तुलाचं वजन तेवढं करून बघा."

मी कागद घेतला. काकांच्या सुवाच्य अक्षरात, रजिस्टर पार्सल घ्यावं तसं सगळं लिहिलं होतं: लांबी, मुठीवरचा तडा, 'नळी शिशाने बंद', आणि वजन एक किलो आठशे साठ ग्रॅम. खाली नौपाड्याच्या दुकानाचा शिक्का आणि मालकाची सही. जन्मभर पार्सलं तोलणाऱ्या माणसाने पणजोबांचं पिस्तूल वाण्याच्या काट्यावर तोलून मगच हातातून सोडलं होतं.

प्रयोगशाळेत पाठवण्याआधी शस्त्र चालू आहे का, हे आम्ही मुख्यालयातल्या आर्मररला, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्या हवालदाराला दाखवायचो. पंचांसमोर सील उघडलं. काट्यावर पिस्तूल सव्वा किलोसुद्धा भरलं नाही. हवालदाराने भिंग लावून पाच मिनिटं पाहिलं. स्क्रूचे आटे यंत्रावर काढलेले. कोरलेल्या आकड्यांच्या कडा बोटाला टोचत होत्या. गंज तेजाबाने आणलेला, लाकडाला बुटाचं पॉलिश. खऱ्या जुन्या शस्त्राची मूठ तळहात लागतो तिथे झिजते, ही सगळीकडून सारखीच घासली होती.

"साहेब, हे पिस्तूल म्हातारं नाय, म्हातारं केलेलं आहे," तो म्हणाला. "पण बार काढलात तर निघेल."

म्हणजे नकली शस्त्र चालू होतं आणि अस्सल शस्त्र निकामी होतं. उडूच न शकणाऱ्या जुन्या पिस्तुलाला परवाना लागत नाही. काका अडकले होते ते या नकलेमुळे, जी त्यांच्या घरात दुसऱ्याने आणून ठेवली होती.

मी खबऱ्याला उचलून आणलं. त्याला फार विचारावं लागलं नाही. "मला नौपाड्याच्या शेठने टिप दिलेली साहेब. मी काय बघायला गेलेलो?" खंडेनवमी आठ दिवसांवर होती. त्या दिवशी गाठ सुटली असती, अदलाबदल उघड झाली असती आणि काका पावती घेऊन दुकानाच्या पायरीवर आले असते. त्याआधी त्यांनाच आरोपी करायचं, म्हणजे मग त्यांचं कोण ऐकणार, असा त्या शेठचा हिशोब. आणि हा हिशोब पुरा करायला त्याला एक उत्साही पोलीस अधिकारी हवा होता. तो मी.

जाणकार आला तो इस्त्रीच्या झब्ब्यात, शांतपणे. म्हणाला, वय झालं की माणसांना आठवत नाही, मी दिलं तेच परत केलं. माझा हात शिवशिवत होता. मी दोन्ही हात टेबलाखाली ठेवले, पावती सरकवली आणि एकच विचारलं: नळीत शिसं भरलेलं आहे यावर तुझी सही आहे, मग तू परत दिलेल्या नळीत पेन्सिल कशी जाते? त्याने पाणी मागितलं. त्याच रात्री आम्ही दिवा स्टेशनजवळ त्याच्या भाड्याच्या खोलीत होतो. तिथे लेथ, तेजाबाच्या बाटल्या, अर्धवट घासलेल्या मुठी, आणि एका गोधडीत काकांचं पिस्तूल. त्याच्या खाचाखाचांत पिढ्यांची हळद बसली होती. परदेशातलं गिऱ्हाईक ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी कोर्टात अहवाल देऊन मी काकांना सोडवलं. गुन्हा त्या जाणकारावर दाखल झाला.

कोर्टाच्या आदेशाने पिस्तूल परत मिळायला पुढे काही महिने गेले. ते द्यायला मी गेलो, साध्या कपड्यांत, भर दुपारी, जिना रिकामा असताना. गणवेशाला ते घाबरतील अशी मी स्वतःची समजूत घातली होती. काकूंनी पाणी दिलं. काकांनी पिस्तूल मांडीवर घेतलं, मुठीवरच्या तड्यावरून बोट फिरवलं. मी माफी मागितली.

"साहेब, नेलंत तेव्हा सगळी बिल्डिंग बघत होती," ते म्हणाले. "आणताना मात्र कोणी नसताना आलात."

त्यानंतरच्या नोकरीत ज्या कोणाला निर्दोष म्हणून सोडलं, त्याला मी गणवेशात, दिवसाउजेडी, सरकारी गाडीतून घरी पोचवलं. हे कुठल्याही नियमात नाही. 'हे माझं नाही' म्हणणाऱ्याला आधी बसवून ऐकायचं आणि त्याच्याकडचा कागद आधी वाचायचा, हे तर पहिल्या वर्षीच शिकवतात. मला ते शिकायला काकांची कोठडी लागली.

त्या दुपारी मी काकांच्या घरातून निघालो आणि चौथ्या मजल्यापासून एकेका दाराची बेल वाजवली. मी कोण, माझी काय चूक झाली आणि काकांचा यात काहीही दोष नव्हता, हे प्रत्येक दारात उभं राहून सांगितलं. पहिल्या मजल्यावरचा तो मोबाइलवाला म्हणाला, आम्हाला काकांबद्दल कधी शंका नव्हतीच. मग त्या सकाळी शूटिंग कशाला करत होतास, असं अगदी जिभेवर आलं होतं. पण शूटिंग करण्यासारखं दृश्य त्याला मीच पुरवलं होतं. मी शेजारच्या दाराची बेल वाजवली.