नकोची फेरी

बायकोलाही सांगितलेलं नाही, ते आधी सांगून टाकतो. आमच्या विभागातल्या एका बाईची कायम होण्याची संधी मी घालवली. फार काही करावं लागलं नाही, एक वाक्य पुरलं. आणि ते बोलायची सोय मला जेझुइट फादरांनी करून दिली होती, तीसुद्धा प्रार्थना म्हणून.

मी समाजशास्त्र शिकवतो. राहायला डोंबिवलीत, नोकरी घोडबंदर रोडला, फादरांच्या विद्यापीठात. पूर्वी ते साधं कॉलेज होतं. गळायचं, पण कॉलेज होतं. विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि सगळ्यांच्या अंगात आलं. प्राचार्य फादरांचे कुलगुरू फादर झाले. स्टाफरूमचं फॅकल्टी लाउंज झालं, तिथला चहा मशीनमधून यायला लागला आणि पिण्याच्या लायकीचा राहिला नाही. कॉरिडॉरभर मूल्यांचे बोर्ड लागले. माझ्या केबिनच्या वाट्याला 'करुणा' आली. शनिवारी आमचा विकास व्हायचा. सूट घातलेला कुणी माणूस यायचा, रंगीत चिठ्ठ्या वाटायचा आणि म्हणायचा, यावर तुमचं स्वप्न लिहा. केस पिकलेली माणसं निमूटपणे स्वप्नं लिहून भिंतीला चिकटवायची. मी एकदा 'निवृत्ती' लिहून चिकटवलं. तो म्हणाला, "ब्युटिफुल!"

ती बाई माझीच विद्यार्थिनी. दिव्याला राहायची, नवरा वागळे इस्टेटमध्ये एका वर्कशॉपला होता. आमच्याकडे ती कंत्राटावर होती. म्हणजे मे महिन्यात कंत्राट संपायचं, जूनमध्ये नवी ऑर्डर हातात पडायची आणि मधल्या दिवसांत ती कुणीच नसायची. तरी त्या दिवसांतही पेपर तपासायला यायची. विभागात एक कायमची जागा निघाली तेव्हा ती तिलाच मिळणार हे शिपायापासून सगळे धरून चालले होते.

मला ती आवडायची नाही. ती कामात कमी असती तर मी तिचा पाठीराखा झालो असतो, एवढं मी स्वतःला ओळखतो. पोरं माझ्या तासाला बाकाखाली मोबाइल बघायची आणि तिच्या तासानंतर बोलत बोलत तिच्यामागे कॅन्टीनपर्यंत जायची. पुढे अभ्यास मंडळाने माझा ग्रामीण समाजाचा पेपर अभ्यासक्रमातून काढून टाकला. उमेदीच्या काळात मी तो बांधला होता आणि त्यानंतर त्याला हात लावला नव्हता. त्याच्या जागी तिने लिहिलेला उपनगरांचा पेपर आला. दिव्यातली पाण्याची भांडणं, चाळी पाडून टॉवर होतात तेव्हा चाळीतली माणसं कुठे जातात, खाडीकाठच्या गावांचं काय झालं. पेपर चांगला होता. त्यावर तिने आधी माझं नाव घातलं होतं, मग स्वतःचं.

"अगं, मी यात काय केलंय?"

"असं काय सर, तुम्हीच तर शिकवलंत."

या मोठेपणाबद्दल मी तिला कधी माफ केलं नाही.

तरी घरी जाताना ती माझ्या गाडीत असायची. माझा रस्ता मुंब्रा बायपासवरून शिळफाट्याकडे, दिव्याचा फाटा वाटेवरच. सोडत नाही म्हणायला कारण नव्हतं. एका संध्याकाळी बायपासवर ट्रेलर आडवा झाला आणि आम्ही अडकून पडलो. इंजिन बंद करून बसलो होतो. तिच्या दंडावर हिरवट डाग होते. मी बघितलं हे तिने बघितलं.

"इंजेक्शनं आहेत सर. मूल व्हावं म्हणून ट्रीटमेंट चालू आहे, ठाण्याला. दोनदा फसलं, आता परत करतोय." मग खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "कुणाला बोलू नका हं. सासूबाईंनापण माहीत नाहीये. त्यांना वाटतं मला मूल नकोच आहे. शिकलेली ना मी."

"छे, मी कशाला बोलतोय," मी म्हणालो.

त्या जागेचा निर्णय कसा करायचा हे ठरवताना कुलगुरू फादरांनी नवी पद्धत आणली. नवी म्हणजे आमच्यासाठी, त्यांच्या जेझुइट संघात निर्णयाआधीची प्रार्थना म्हणून ती जुनीच आहे. फादर वसईकडचे, मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ बोलतात. त्यांनी आम्हा ज्येष्ठ प्राध्यापकांना गोल बसवलं. आधी डोळे मिटून शांतता. मग म्हणाले, "आज प्रत्येकाने फक्त 'का नको' ते सांगायचं. ज्यांना त्या हव्या आहेत त्यांनीसुद्धा. उद्या प्रत्येकाने फक्त 'का हव्या' ते सांगायचं, ज्यांना नको आहेत त्यांनीसुद्धा. कुणी कुणाला प्रश्न विचारायचा नाही, खोडून काढायचं नाही. म्हणजे माणूस आपल्या मतापासून मोकळा होतो. आणि इथे बोललेलं या खोलीबाहेर जाणार नाही."

आमचे गणिताचे सर पुटपुटले, "पहिली फेरी आमच्याकडे घरोघरी असते, फादर. सून आली की चालू होते. दुसरी काय ती तेवढी माहीत नव्हती."

सगळे हसले. फादरही हसले. मग फेरी सुरू झाली आणि हळूहळू लक्षात आलं, की कुणाला काही सापडत नाहीये. फळ्यावर फार बारीक लिहितात. मीटिंगमध्ये बोलत नाहीत. इंग्रजी थोडं कच्चं आहे. गणिताच्या सरांनी बराच विचार करून सांगितलं, "डबा एकट्याच खातात." एखाद्या चांगल्या स्थळात उगाच खोट काढावी तसं चाललं होतं.

माझी पाळी आली. मी ठरवून गेलो नव्हतो, असं लिहिणार होतो. ते खरं नाही. बायपासवरची ती संध्याकाळ होऊन बरेच दिवस झाले होते आणि ती गोष्ट मी खिशातल्या चिल्लरीसारखी चाचपत होतो. मी म्हणालो, "त्यांच्या खासगी आयुष्यात पुढच्या वर्षभरात असं काही होऊ शकतं, की त्या विभागाला वेळ देऊ शकणार नाहीत. त्यांनी ते मला विश्वासाने सांगितलंय, त्यामुळे याहून जास्त मला बोलता येणार नाही."

खोलीत काहीतरी बदललं. आजार म्हणा, घटस्फोट म्हणा, पोलीस केस म्हणा, ज्याला जे सुचेल ते त्याने त्या वाक्यात भरून घेतलं असणार. सरळ 'मूल' म्हणालो असतो तर कुणीतरी, निदान एखादी बाई तरी, म्हणाली असती की हे कारण होऊच शकत नाही. मी नेमकं ते म्हणालो नाही. आणि विचारायचं नाही, खोडायचं नाही हा नियमच होता. शिवाय त्या दिवशी सगळेच तिच्या विरोधात बोलत होते. त्यांच्यात माझा विरोध कुणाला वेगळा दिसणार? असं शहाणपण मला संशोधनात कधी सुचलं नाही.

खाली पार्किंगमध्ये गणिताचे सर म्हणाले, "काय हो, तुम्ही तर अगदी मनापासून बोललात!"

"नियम म्हणजे नियम."

"पाळावा तर तुमच्यासारखा," ते म्हणाले आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी 'का हव्या'ची फेरी. मी इतका सुंदर बोललो की मलाच ऐकत राहावंसं वाटलं. तिचा पेपर, तिची पोरं, दिव्यात घरी पाणी भरून पहिल्या तासाला हजर राहणं, सगळं काढलं. बोलताना माझा आवाज जड झाला. तो खोटा नव्हता, हे मला आजही नीट समजावून सांगता येत नाही. फादरांनी नंतर माझा हात दोन्ही हातांत धरला.

आठवड्याभराने कळलं की निवड मंडळाला 'अजून पुरेशी स्पष्टता वाटत नाही'. जागेवर बाहेरून एक माणूस आला, परदेशी पदवीवाला. तिची कंत्राटाची ऑर्डर त्या जूनमध्ये निघालीच नाही.

सामान न्यायला ती आली तेव्हा माझ्या केबिनमध्ये आली. हातात कोकणातल्या गावाहून आणलेल्या सोड्यांची, सुकवलेल्या कोळंबीची पिशवी. आत काय चाललं होतं ते कुणीतरी तिला अर्धंच सांगितलं होतं, आणि ते अर्धं माझ्या बाजूचं होतं.

"सर, तुम्ही माझ्यासाठी किती बोललात ते कळलं मला. कुणी सांगितलं ते विचारू नका. हे मॅडमना द्या, यंदाचे आहेत."

"अगं, कशाला उगाच?"

"राहू द्या हो." मग ती दारातच थांबली. "एक सांगू? ते ट्रीटमेंटचं मी बंद केलं होतं सर. तुमची ती मीटिंग झाली ना, त्याच्या आधीच. म्हटलं एकदा पर्मनंट होऊ दे, मग निवांत करू. डॉक्टर म्हणत होते थांबू नका, वय जातंय. मीच ऐकलं नाही." ती हसली. "आता काय, दोन्हीकडून मोकळी."

त्या वेळी मी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "होईल सगळं नीट. फोन करत जा." सोडे घरी नेले. बायकोने कांद्यावर परतून केले आणि मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. लोक म्हणतात मन खातं, घास उतरत नाही. माझा उतरला.

नंतर मी विभागप्रमुख झालो. ती कल्याणच्या एका कॉलेजात सकाळी आणि उल्हासनगरच्या दुसऱ्यात दुपारी तासावारी शिकवते. मूल झालं नाही. गुरुपौर्णिमेला न चुकता फोन करते, आणि तिचं नाव स्क्रीनवर आलं की मला राग येतो. माझ्यावर नाही, तिच्यावर येतो. इतकी वर्षं झाली, हिला कळत कसं नाही? शिकवलंय मी हिला, माणसं वाचायला!

परवा तो परदेशी पदवीवाला सोडून गेला. जागा पुन्हा निघाली. तिचा फोन आला.

"सर, जाहिरात बघितली. भरू का अर्ज? तुम्ही आहात म्हणून विचारते, नाहीतर परत त्या वाटेला गेले नसते."

मी "भर" म्हणालो. आणि पहिल्यांदाच घाबरलो, कारण आता पुन्हा गोल बसणं आलं. जुनी माणसं अजून आहेत. त्यांच्या डोक्यात ते वाक्य तसंच आहे, उलट इतक्या वर्षांत त्याला काय काय चिकटलं असेल.

मी कुलगुरू फादरांकडे गेलो. दार लावून घेतलं. म्हणालो, "फादर, त्या मागच्या बैठकीत मी तिच्याविषयी जे बोललो..."

त्यांनी हात वर केला. "त्या खोलीतलं त्या खोलीत राहू दे. तसं ठरलं होतं आपलं."

"ते नियम म्हणून बोललो नव्हतो मी."

"ते मला त्याच दिवशी कळलं होतं," फादर म्हणाले. "बाकीचे कारण शोधत होते. तुम्ही कारण घेऊन आला होतात."

मला पहिल्यांदा त्यांचा चेहरा नीट दिसला असं वाटलं. थकलेला, हुशार, बिल्डिंग कमिटीच्या अध्यक्षाचा असावा तसा चेहरा.

"मग तुम्ही थांबवलं का नाही?"

"मला बाहेरचा माणूस हवा होता. विद्यापीठाला नाव हवं होतं. तुमचं बोलणं मला उपयोगी पडलं." त्यांनी समोरचा पेपरवेट जरा सरकवला. "त्याचं माझं मी बघतो, रोज बघतो. तुमचं तुम्ही बघा."

"तुमच्यात पाप सांगून मोकळं होता येतं," मी म्हणालो. आवाज चढला होता माझा. "आम्ही कुठे जायचं?"

"तुम्ही आमच्यातले असतात तरी मी तुम्हाला असंच सोडलं नसतं. आधी तिच्याकडे जा म्हटलं असतं." मग जरा मऊ आवाजात म्हणाले, "या वेळी फेरी नको असेल तर मुलाखत ठेवू साधी."

मी "मुलाखत ठेवा" म्हणालो आणि बाहेर आलो. भयंकर चीड आली होती. त्या माणसाला सगळं माहीत होतं आणि त्याने मला प्राध्यापक, विभागप्रमुख म्हणून पोसलं, वर हातात हात घेतला. पण गाडीत बसल्यावर लक्षात आलं, की मी त्याच्यावर चिडतोय ते सोपं आहे म्हणून. तो निदान विचारल्यावर बोलला. मला तर तिने कधी विचारलंच नाही, आणि मी त्याचाच फायदा घेत आलो.

हे छापून येईल. ती वाचते, तिला कळेलही कदाचित. पण छापणं म्हणजे सांगणं नव्हे. इथे मी नाव न घेता, परक्या लोकांसमोर, आपल्या सोयीने सांगतोय, आणि तिला मध्ये बोलता येत नाहीये. हीसुद्धा तसलीच फेरी झाली.

मुलाखत पुढच्या महिन्यात आहे. त्याआधी दिव्याला तिच्या घरी जाऊन, तिच्या समोर बसून, ते वाक्य मी बोललो आणि तिने विश्वासाने सांगितलेलं वापरून बोललो, हे तिला सांगायचं देणं मी लागतो. मग ती जे बोलेल ते शेवटपर्यंत ऐकायचं देणं लागतो. आणि त्या गोलात बसलेल्या प्रत्येकाला, तिच्याविषयी मी जे सूचित केलं त्यात तिचा काहीही दोष नव्हता, हे सांगायचं देणं लागतो. यातलं अजून काहीही मी केलेलं नाही.