रुईचा बर्फ

रुई पेटली तेव्हा बाकीच्या पोरी उठून पळाल्या. माझी धाकटी बहीण हलली नाही. तिच्या शेजारी पडलेली स्वयंपाकीणबाईची मुलगीही हलली नाही. टेंभा माझ्या हातात होता.

मिशनच्या शाळेत फेब्रुवारीच्या सुरुवातीला आम्ही नाटक करत होतो. मोठ्या सिस्टरच्या देशातली हजार वर्षांपूर्वीची गोष्ट. उत्तरेकडून जहाजांतून लुटारू आले, गावं जाळत, मठ लुटत. त्यांना अडवायला राजाचं सैन्य गेलं, सोबत दोन बिशप, म्हणजे त्यांचे मोठे पाद्री. भर हिवाळा, बर्फ, दलदल. सगळे मारले गेले आणि धर्मासाठी मेले म्हणून संत झाले; त्यांचा सण फेब्रुवारीत असतो.

मी विचारलं, "मंग जिकलं कोन?"

"लुटारू," सिस्टर म्हणाली.

घरी सांगितलं तर बाबा हसले. हरलेल्यांचा सण पहिल्यांदाच ऐकला म्हणाले. आम्हाला बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन दुसरा हिवाळा होता. शिका, पण हात कुठं जोडू नका, एवढीच त्यांची अट. नाटकात मरायला त्यांची हरकत नव्हती.

बर्फ आमच्यातल्या कोणी पाहिला नव्हता. मीच म्हटलं, रुई अंथरू. बाबा दिग्रसच्या जिनात कामाला होते. त्यांनी सरकी काढलेल्या रुईची दोन पोती आणली. मी उंच, म्हणून लुटारू. बहीण दुसरीत, तिला बिशपची कागदी टोपी. सिस्टर तालमीत रोज बजावायची, "मेलेल्यांनी हलायचं नाही. काही झालं तरी." नाकावर माशी बसली तरी बहीण हलायची नाही. स्वयंपाकीणबाईची मुलगी तिच्याशी पैज लावून पडून राहायची.

तालमीत टेंभा विझलेलाच असायचा. नाटकाच्या दुपारी मी तो पेटता मागितला. सिस्टरनं दिला.

रुईवर जाळ धावत जातो. पडवीभर पसरायला वेळ लागला नाही. मी टेंभा टाकला, बहिणीचा पाय धरला आणि तिला ओढत अंगणात आणलं. वळून पाहिलं तेव्हा सिस्टर स्वयंपाकीणबाईच्या मुलीच्या अंगावरची पेटती रुई उघड्या हातांनी ओरबाडत होती.

बाबांनी मारलं नाही. एवढंच विचारलं, "तिलेबी वढता नाही आलं तुले?"

मी दोन्ही हातांनी एकच पाय धरला होता.

स्वयंपाकीणबाईची मुलगी तिसऱ्या दिवशी गेली. सिस्टर जगली, तिची बोटं आखडली. बहीण जगली. ती आर्णीला असते, डाव्या कानानं ऐकू येत नाही. मी जगले.